उजवा कौल

मुंबई, ता. ४ डिसेंबर १९३०

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

तू पाठवलेले सुके बांगडे लवूकाकांबरोबर पोचले. खोलीत आपल्या गावचे सगळे मिळून राहतो, त्यामुळे पहिल्याच जेवणाला संपले. माझी प्रकृती उत्तम आहे. छापखान्यात दिवसभर खिळे जुळवतो आणि संध्याकाळी व्यायामशाळेत जातो. तिथे एक मास्तर आहेत, ते व्यायाम झाल्यावर आम्हां चार-पाच जणांना थांबवून घेतात आणि देशाची स्थिती समजावून सांगतात. मला 'हरिश्चंद्रराव' म्हणतात आणि बसायला खुर्ची देतात.

पत्र लिहिण्याचे कारण असे की एका मोठ्या कामात हात घालायचे माझ्या मनात आहे. काय ते आज लिहीत नाही, झाल्यावर कळेलच. आपल्या घरात देवीला विचारल्याशिवाय मचवा पाण्यात लोटत नाहीत. तेव्हा तू बाबू गुरवाकडून माझ्या नावाने कौल लावून घे आणि काय आला ते कळव. मास्तर असल्या गोष्टींना हसतात, म्हणून त्यांना सांगितलेले नाही.

बाबा बंदरावर जातात का? त्यांना विचारू नकोस, तूच लिही.

तुझा,
हरी

*

मिऱ्या, रत्नागिरी, ता. १५ डिसेंबर १९३०

चि. हरीस आशीर्वाद.

मोठं काम म्हणे! मेल्या, मी तुला लहानाचा मोठा केला, मला कोडी घालतोस? लग्नाचं असेल तर सरळ लिही. सावर्ड्याहून काशीचं स्थळ आलंय, मुलगी सावळी आहे पण हुशार आहे आणि तुझ्यासारखी घुमी नाही. आईच्या पाठीमागे हे सगळं मलाच बघायला लागणार. माझं स्वतःचं घर बसलं ते बसलं, तुझं तरी उभं राहू दे.

बाबांचं दर पत्रात विचारतोस, म्हणून एकदा नीट लिहिते आणि परत विचारायचं नाही. वैशाखात मिठाच्या चळवळीतली पोरं मचव्यातून नेली म्हणून त्या गोऱ्या साहेबानं बाबांना मांडवीच्या धक्क्यावर कान धरून बसवलं आणि डोक्यावरचं मुंडासं काढून पाण्यात फेकलं. बाबांना चळवळ कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, उतारू म्हणून नेली होती पोरं. ते मुंडासं आपल्या मचव्यावरच्या केरूनं गळ टाकून ओढून काढलं. मी विहिरीच्या पाण्यात धुऊन वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी तेच बांधून बाबा बंदरावर गेले. एक-दोघे हसले. बाबा त्यांना म्हणाले, हसून झालं असेल तर दोर धरा. झालं एवढंच. साहेबही बदलून गेला मुंबईस.

आता कौलाचं. सोमवारी न्हाऊन, नारळ घेऊन देवळात गेले. बाबूनं देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की हरी मुंबईस एका कामात हात घालतोय, होय म्हणत असशील तर उजवी दे, नको तर डावी दे. फार वेळ लागला नाही. डावी पडली.

तेव्हा काय असेल ते काम सोडून दे. काशीचं असेल तर मात्र मी परत विचारीन.

अक्का

*

मुंबई, ता. २२ डिसेंबर १९३०

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

लग्नाचे नाही. काशीच्या घरी नाही म्हणून कळव.

कौल डावा आला हे वाचून फार बेचैन झालो. पण मला वाटते गाऱ्हाणे बरोबर घातले गेले नाही. हरीचे काम असे सांगितल्यावर देवीला वाटले असेल की पोरगा स्वतःच्या फायद्याचे काही करतो आहे. तसे नाही. पुन्हा एकदा विचार, आणि या शब्दांत विचार: काम हरीच्या स्वतःसाठी नाही, बाबांच्या मानासाठी आहे. बाबांचे जे गेले ते त्यांना मिळवून द्यायचे आहे. तर हात घालू का?

अक्का, एवढे कर. उत्तर आल्याशिवाय मी पुढे जाणार नाही, आणि इकडे माझ्यासाठी लोक खोळंबले आहेत.

तुझा,
हरी

*

मिऱ्या, ता. ९ जानेवारी १९३१

चि. हरीस आशीर्वाद.

उजवा! अरे, कळी नुसती सुटली. बाबू म्हणाला की इतक्या लवकर त्याच्या हातून कधी पडली नव्हती.

आणि हे काम काय ते मला कळलं हो. खोळंबलेले लोक म्हणजे सुतार, आणि गेलेलं ते परत द्यायचं म्हणजे नवा मचवा! जुन्याच्या बुडाला पाणी येतं हे तू आलास तेव्हा बघून गेला होतास. तू सांगू नको म्हणाला नव्हतास म्हणून मी बाबांना सांगून टाकलं. आधी माझ्यावरच ओरडले, की त्या खिळे जुळवणाऱ्या पोराला मचव्यातलं काय कळतं. मग जेवताना आपसूक बोलायला लागले. बुडाला लाकूड कुठलं, डोलकाठी किती उंच, सगळं. काल वाडीतल्या फणसाला हात लावून बघत होते. बंदरावर सगळ्यांना सांगत सुटलेत. नाव आईचं ठेवायचं असं त्यांनी ठरवून टाकलंय. यमुना.

इतक्या दिवसांनी त्यांना असं बघितलं. तुझं भलं होऊ दे, बाबा. शिमग्याला ये, म्हणजे सविस्तर बोलू.

अक्का

*

मिऱ्या, ता. २० मार्च १९३१

हरी,

तुरुंगात पत्र जाऊ देतात असं वकिलांनी सांगितलं म्हणून लिहिते. तिकडचे अधिकारी आधी वाचणार, तर वाचू देत.

फेब्रुवारीत पोलीस आले तेव्हा मी अंगणात मासळी वाळत घालत होते. त्यांनी सांगितलं की तू साहेबाच्या मोटारीवर बाँब टाकलास. तोच साहेब. तो मोटारीत नव्हता, मागेच क्लबात उतरला होता. त्याचं दप्तर घेऊन पट्टेवाला घरी चालला होता, तो मेला. भागोजी नाव. मंडणगडाकडचा आहे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. मोटार हाकणाऱ्याचा हात गेला.

तुझ्या-माझ्या पत्रांवरून आमची तपासणी झाली. 'उजवा कौल' ही कटवाल्यांची खूण आहे असं त्या फौजदाराला वाटलं. बाबू गुरवाला चावडीवर नेऊन दिवसभर विचारत होते, की उजवा कोण आणि डावा कोण. बाबू सांगत होता की कळ्या हो साहेब, कळ्या. शेवटी एक आपल्याकडचा हवालदार आला, त्यानं फौजदाराला समजावलं तेव्हा सोडलं. दुसरी वेळ असती तर मी पोट धरून हसले असते.

शिमग्यात पालखी आपल्या दारात आणावी की नाही यावर गावात बोलणं झालं. आणली. बाबांनी ओटी भरली आणि लगेच आत गेले. फणसाकडे बघत नाहीत आता.

मला एकच सांग. असं का केलंस? माझ्याशी खोटं बोललास ते राहू दे. तुझं डोकं कुणी फिरवलं काय? का आधीपासून फिरलं होतं आणि मलाच दिसलं नाही?

अक्का

*

मुंबई, तुरुंगातून, ता. १६ एप्रिल १९३१

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. वजन वाढले आहे. माझी काळजी करू नये.

तू विचारतेस का केलेस. मातृभूमीच्या पायांतील शृंखला विनवण्यांनी तुटत नाहीत. जुलमी सत्तेला भयाचीच भाषा समजते. एका अधिकाऱ्याच्या रक्ताने शंभर निद्रिस्त मने जागी होतात. आम्ही मरणाला भीत नाही, कारण आमच्या मागे इतिहास उभा आहे.

पट्टेवाल्याविषयी मला वैयक्तिक द्वेष नव्हता. परंतु जो जुलमी माणसाचे दप्तर वाहतो तो त्या जुलमात वाटेकरी होतो. युद्धात असे होते.

मी तुझ्याशी खोटे बोललो नाही. बाबांच्या मानासाठी असे लिहिले होते, ते खरेच होते. आणि देवीने होकार दिला होता.

बाबांना माझा नमस्कार सांग. एक दिवस त्यांना अभिमान वाटेल.

तुझा,
हरिश्चंद्र

*

मिऱ्या, ता. २३ मे १९३१

हरी,

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. शृंखला म्हणजे काय, विचारलं त्यांनी. मी सांगितलं. मग म्हणाले, हा हरी बोलत नाही, दुसरं कुणीतरी लिहितंय.

मलाही तसंच वाटलं. तू कांदा नको म्हणतोस तेव्हासुद्धा मान खाली घालून म्हणतोस. हे सगळं त्या मास्तरचं. तो कुठे आहे रे आता? तुझ्या खटल्यात त्याचं नाव कुठे दिसलं नाही मला.

पुढचं नीट वाच. पावसाआधी शेवटची खेप म्हणून बाबांनी मचवा काढला आणि मला म्हणाले चल. कुठे ते बोलले नाहीत. बाणकोटच्या खाडीत शिरलो तेव्हा समजलं. म्हाप्रळला उतरून डोंगर चढून गेलो. भागोजीचं घर विचारत विचारत गेलो, लांबूनच दाखवलं लोकांनी.

घरात त्याची आई सोनूबाई, तिला कमी दिसतं, आणि बायको हौसा. माझ्याहून लहान आहे. पाहुणे लांबून आलेले दिसले म्हणून हौसानं आधी गूळ-पाणी आणून ठेवलं, मग विचारलं कुठले तुम्ही. बाबा उभेच होते. त्यांनी मुंडासं काढून हातात घेतलं आणि सांगितलं की ज्यानं केलं त्याचा मी बाप.

ती गुळाची ताटली उचलून आत घेऊन गेली. मला वाटलं आता बाहेर येणार नाही. पण आली, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "त्याला माझ्या घोवाचं नाव माहीत होतं काय?"

मी सांगितलं, विचारते.

सोनूबाई मात्र बोलत होती. गणपतीला आला होता तेव्हा परत मुंबईस जायला भागोजीचं मन नव्हतं म्हणे, साहेब फार शिव्या द्यायचा. म्हणून तिनं त्यांच्या देवाला कौल लावला, जाऊ दे की नको. उजवा आला. म्हातारी विचारत होती, देवानं असं का केलं असेल? आता मी तिला काय सांगू? माझ्याही पदरात उजवाच होता.

येताना मचव्यात विचार करत होते. देवी पहिल्याच खेपेला नको म्हणाली होती. तुला ते नको होतं, म्हणून तू गाऱ्हाणं बदललंस, आणि मी ते जाऊन तसंच घातलं. तुला विचारायचं नव्हतंच हरी. तुझं ठरलं होतं. तुला फक्त कुणाचं तरी होय हवं होतं.

आणि बाबांच्या मानाचं. धक्क्यावर त्यांना बसवलं त्या दिवशी तू सुट्टीला घरी होतास. गर्दीत तिसऱ्या रांगेत होतास, निळा सदरा घातलेला. मी बघितलं होतं. तू काही केलं नाहीस म्हणून मला कधी राग आला नाही, कुणीच काही केलं नाही, मीही नाही. पण तुला आला. स्वतःचा. बाबांचं मुंडासं दुसऱ्या दिवशी वाळलं रे. तुझं वाळलं नाही.

हौसाला काय सांगू ते कळव.

अक्का

*

मुंबई, तुरुंगातून, ता. ११ सप्टेंबर १९३१

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

अपील फेटाळले गेले हे तुला वकिलांनी कळवले असेलच. फाशी कायम आहे. आता लाटसाहेबांकडे दयेचा अर्ज करता येतो. वकील म्हणतात की भागोजीच्या मृत्यूबद्दल पश्चात्ताप होतो असे लिहून सही केली तर जन्मठेप होण्याचा संभव आहे. माझ्याबरोबर जे आहेत त्यांचा निरोप आला की सही करायची नाही, केली तर मी सगळ्यांच्या तोंडाला काळे फासले असे होईल. फाशीनंतर वाटायला माझे फोटो छापायला दिलेले आहेत असेही ऐकले.

मला झोप लागत नाही. पश्चात्ताप होतो म्हटले तर मग मी हे सगळे कशासाठी केले? आणि नाही म्हटले, तर तू मे महिन्यात जे लिहिलेस ते डोळ्यांपुढे येते. त्या पत्राचे उत्तर मी दिले नाही. काय देऊ?

मला ठरवता येत नाही. अक्का, देवीला विचार. सही करू की नको. या वेळी शब्द तू घाल, तुला योग्य वाटतील ते. जो येईल तो मी मानीन.

तुझा,
हरी

*

मिऱ्या, ता. २१ सप्टेंबर १९३१

हरी,

पत्र आलं त्याच दिवशी गेले. बाबू नको म्हणत होता, मागच्या खेपेचा धसका त्यानं अजून सोडलेला नाही. पाया पडले तेव्हा कळ्या लावल्या त्यानं.

गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात शब्द जुळवतेय. कसं विचारलं म्हणजे उजवी पडेल, तेच. तुला जिवंत ठेवायचंय मला, दुसरं काय असणार? डावी पडली असती तर मी परत विचारलं असतं, आणि परत, देवीनं होय म्हणेपर्यंत. तूही तेच केलंस.

मी बाबूला सांगितलं, कळ्या काढ. पडायच्या आत काढ. त्यानं काढल्या.

तेव्हा कौल नाही. तुझं तूच ठरव. देवीवर नको, मास्तरवर नको, माझ्यावरही नको. तू जगावंस म्हणून मी रोज रडते हे तुला माहीत असू दे, पण खोटं लिहून जगलास तर ते मला तुझ्या तोंडावर दिसेल. एवढंच विचार की भागोजी मेला त्याचं तुला काय वाटतं. लाटसाहेबाला सांगायचं ते नंतर बघ, आधी मला सांग. आणि हौसाचा प्रश्न तसाच राहिलाय.

अक्का

*

मुंबई, तुरुंगातून, ता. ४ ऑक्टोबर १९३१

अक्का,

नाव माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सांगितलं तेव्हा कळलं. मंडणगडचा हेही तेव्हाच कळलं.

मोटारीत साहेब नाही हे मला दिसलं होतं. भागोजी पुढे बसला होता, त्यानं माझ्याकडे बघितलंही. तेव्हा थांबता आलं असतं. पण माझ्या मनात आलं की आजही मी नुसता उभा राहिलो तर मास्तर आणि बाकीचे काय म्हणतील. परत तिसऱ्या रांगेत. म्हणून टाकला. देश वगैरे त्या क्षणी डोक्यात नव्हता. तो सगळा नंतर तुरुंगात आठवून आठवून भरला.

मास्तर वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. गावात मी विठू तांडेलाचा पोरगा, छापखान्यात मी 'ए खिळेवाला'. त्या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की तुला काय वाटतं. मला जे सलत होतं त्याला त्यांनी मोठं नाव दिलं, आणि मला ते बरं वाटलं.

साहेबानं बाबांना केलं ते वाईट होतं. आजही वाटतं. पण भागोजीनं काही केलं नव्हतं. त्याच्या बघण्याची आठवण जात नाही.

हेच सगळं अर्जात लिहिलं. वकील कपाळाला हात लावून बसले, म्हणाले साहेब नाही हे दिसलं होतं असं लिहिणं म्हणजे आपल्या हातानं दोर ओढणं. मी तसंच ठेवून सही केली. दोस्तांनी बोलणं टाकलंय.

हौसाबाईंना सांग.

हरी

*

मिऱ्या, ता. २८ नोव्हेंबर १९३७

चि. हरीस आशीर्वाद.

फाशीची जन्मठेप झाली तेव्हा मी देवीला नारळ दिला होता, तसाच आज दिला. नव्या मंत्रिमंडळानं सोडायच्या कैद्यांत तुझं नाव आहे असं वकिलांनी कळवलं. मला अजून खरं वाटत नाही. तुझी खाट बाहेर काढून ऊन दाखवलं.

बाबा थकलेत, पण मचवा सोडत नाहीत. जुनाच आहे, बुडाला ठिगळं लावून लावून चालवतात. आगबोटीनं येऊ नको असं त्यांनी सांगितलंय. ते स्वतः केरूला घेऊन मुंबईस येणार आणि तुला घेऊन निघणार. ऐकायला तयार नाहीत. मुंडासं नवं आणलंय.

पण मचवा आधी बाणकोटला लागेल, मग इकडे. हे माझं सांगणं आहे आणि बाबांनाही ते कबूल आहे.

हौसाकडे मी दर साल जाते, तुला ठाऊक आहे. तुझं उत्तर तिला त्याच वर्षी जसंच्या तसं सांगितलं होतं. नाव माहीत नव्हतं, साहेब नाही हे दिसलं होतं, भागोजीनं बघितलं होतं, सगळं. तेव्हा ती म्हणाली होती की बरं झालं सांगितलंत, आणि त्यानंतर त्यावर कधी बोलली नाही. सोनूबाई दोन पावसाळ्यांमागे गेली. आता हौसा एकटीच नाचणी करते.

गेल्या आठवड्यात जाऊन तिला विचारलं, की हरी सुटतोय, तुझ्या दारात आला तर चालेल काय. ती उखळात भात कांडत होती. कांडतच राहिली. मी उठायला निघाले तेव्हा मुसळ भिंतीला टेकवून म्हणाली, "येऊ दे. दारात आलेल्याला पाणी देईन. गूळ देणार नाही."

तेवढं पाणी पिऊन मगच घरी ये. मी भात टाकून ठेवते.

अक्का